लाल शेपटीची होडी

श्रावणातली सर सांगून येत नाही. ऊन अंगावर असतानाच पाठीवर पाणी पडतं. त्या दिवशी ती आली तेव्हा श्रीपाद दांडीच्या किनाऱ्यावरून घाईघाईनं चालला होता आणि त्याच्या छातीशी एक टेपरेकॉर्डर होता. माणूस भिजला तर वाळतो, टेपरेकॉर्डर भिजला तर संपतो. म्हणून समोर दिसला त्या माडाच्या झापांच्या मांगरात, होडी ठेवायच्या खोपीत तो शिरला.

आत एक होडी ओंडक्यांवर चढवलेली होती. नारळी पुनव जवळ आली होती आणि दांडीवरच्या साऱ्या होड्यांना नवा रंग चढत होता. या होडीच्या तोंडाशी एक मुलगी ओणवी उभी होती. काळ्या लाकडावर तिनं पांढरा गोल काढला होता आणि त्या गोलात ती लाल रंगानं सुरमईची शेपटी भरत होती — दोन लांब, टोकदार पात्यांची.

"माफ करा हं," श्रीपाद म्हणाला. "जरा पाऊस थांबेपर्यंत..."

"माफ कित्याक? दर्याक कोण माफी मागता, पावसाक कोण मागता?" मुलगी वर न बघता म्हणाली.

"नाही, तुमचं काम चाललंय, म्हणून—"

"तुमचं?" आता तिनं वर पाहिलं. गालावर लाल रंगाचा एक ठिपका होता. "तू पेठेतल्या अप्पांचो झील मां? रेडिओ दुरुस्त करतस तो? मालवणीत बोलूक काय दात दुकतत?"

श्रीपादला हसू आलं. "कोल्हापुराक शिकाक होतंय गो. सवय लागली."

"सवय रंगासारखी. घासली की जाता."

तिनं पुन्हा कुंचला उचलला. झापांवर पाऊस वाजत होता. तिचा हात कुठं अडखळत नव्हता, हे त्यानं पाहिलं. एका फटक्यात पातं, दुसऱ्या फटक्यात दुसरं. तो पाहतोय, हे तिला न बघताही कळत होतं. आणि तिसऱ्या फटक्याला रेघ गोलाच्या किंचित... बाहेर गेली.

"हय उबो रवलंय तर चलात?" त्यानं विचारलं.

"ऱ्हव," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "पण टेकू नको."

तोवर तो होडीच्या पलीकडच्या अंगाला, तिथल्या ओल्या शेपटीवर टेकला होता. तो दचकून पुढं झाला. "लागलो काय रंग?" असं म्हणत त्यानं तिच्याकडे पाठ केली.

पांढऱ्या सदऱ्यावर दोन खांद्यांच्या मधोमध लाल शेपटी उमटली होती. अशी लखलखीत की होडीवरही तेवढी नव्हती. ते काय आहे, हे त्याला सांगायला हवं होतं. पण ते सांगायचं म्हणजे त्याचा अर्थ सांगायचा, आणि तो अर्थ आठवताच त्या मुलीनं, शेवंतीनं, कुंचला डब्यात बुडवला.

"थोडो," ती म्हणाली.

"थोडो तर थोडो." सर ओसरली होती. टेपरेकॉर्डर छातीशी धरून तो चालू लागला आणि भरल्या पेठेतून घरी गेला.

दांडीवरच्या त्या वाडीत एकेका घराची एकेक खूण होती. शेवंतीच्या बापाच्या, भिकाजीच्या घराची ही शेपटी. होड्या परतायच्या वेळी बायका किनाऱ्यावर येतात, कपाळाला हात लावून दूर बघतात, आणि कुणीतरी विचारतं, "कोणाची गो ती?" माणसाचं तोंड दिसायच्या खूप आधी खूण दिसते. त्या घरची बाई ओरडून सांगते, "आमची." तेवढा एक शब्द बोलेपर्यंत तिच्या जिवात जीव नसतो. खूण होडीवर असते, वल्ह्यावर असते, मासळीच्या टोपलीवर असते. मुलीचं लग्न ठरलं की बापानं जावयाला नवं वल्हं द्यायचं आणि त्यावर मुलीनं आपल्या हातानं खूण काढायची, ही वाडीची रीत. ज्याच्यावर खूण, तो त्या घरचा.

संध्याकाळी सुगंधा आते मासळीबाजारातून आली ती दारातूनच हसत. ती भिकाजीची बहीण. नवरा गेल्यापासून इथंच राहायची, पेठेत मासळी विकायची.

"गो शेवंत्ये, आपली होडी आज पेठेतून चलत गेली. दोन पायांची होडी. तुका ठावक आसा काय?"

शेवंतीनं चुलीत फुंकर घातली. चूल पेटलेलीच होती.

"सगळो बाजार विचारी होतो, भिकाजीचो जावई कधी ठरलो? माकाच ठावक नाय तर मी काय सांगू?"

"तो टेकलो," शेवंती म्हणाली. "माका काय म्हायती तो टेकतलो."

"पुरुष माणूस. टेकाक जागा गावली की टेकता," आते म्हणाली आणि पुन्हा हसू लागली.

दुसऱ्या दिवशी तो परत आला. दुसरा सदरा घालून.

"कालचो सदरो?" तिनं घाबरत विचारलं. "घेवन ये. रॉकेलान घासूक व्हयो."

"नको. असांदे." त्यानं इकडं तिकडं पाहिलं. "लोक हसले माका. हसांदेत. रंगलेलो माणूस बघून हसतलेच. मी कामाक इलंय. तुका चित्र काढूक येता?"

"येता म्हणजे? माझो हात काय नुसतो सुरमई कापूक आसा?"

त्यानं खिशातून कॅसेटची रिकामी डबी काढली. मस्कतच्या मामानं त्याला एक कॉम्प्युटर आणून दिला होता, बिस्किटाच्या डब्याएवढा. टीव्हीला जोडायचा, टेपरेकॉर्डरला जोडायचा; टेप वाजवली की कॅसेटमधला खेळ त्यात उतरायचा. त्यावर श्रीपादनं एक खेळ तयार केला होता. मुंबईकडं आणि गोव्यात ज्यांचे नातेवाईक आखातात आहेत, त्यांच्या घरी असे डबे आले होते. त्यांना हा खेळ कॅसेटमधून विकायचा, असा त्याचा बेत होता.

"टीव्हीवर माणसां बातम्यो वाचतत. खेळतलो कोण?"

"तू. कळ दाबलंस की होडी चलता."

"ह्या डबयेत होडी?"

"व्हय. काळोख आसा, खडक आसत. होडी घराक हाडूची."

"आणि मासे?"

"मासे नाय."

"मगे तुझ्या होडयेक कोण विचारतलो? रिकामी होडी बघून बायल घोवाक घरात घेयत नाय."

"घेयत," श्रीपाद म्हणाला. "वादळातसून इलेल्याक घेता. आदी घेता, मगे मासे विचारता."

शेवंतीनं मान डोलावली. त्याचं खरं होतं.

त्यानं मामानं आणलेल्या कॅसेटींची कव्हरं तिला दाखवली. दंड फुगवलेले पुरुष, तोंडातून जाळ सोडणारे राक्षस, आभाळभर विजा. "आत काय आसा ता दुकानात कोणाक दिसना नाय. भायलां चित्र बघूनच माणूस डबी हातात घेता."

"म्हावऱ्याचे कल्ले उघडून बघतत तसां."

"तसांच. माका असां चित्र व्हयां. ह्या सगळ्यांपेक्षा भारी." मग आवाज खाली आला. "अप्पा म्हणतत, दिवाळीपर्यंत कॅसेटी खपल्यो तर खपल्यो. नाय तर मामाकडे मस्कताक जावचां. थय नोकरी आसा."

शेवंतीनं डबी परत दिली आणि पदराला हात पुसले. "पुठ्ठो हाड," ती म्हणाली. "मोठो."

तिला लहान काढायची सवय नव्हती. त्यानं टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा आणला. तो मांगरात उभा करून ती रोज दुपारी रंगवायची आणि तो रोज दुपारी बघायला यायचा.

"वादळ व्हयां?"

"व्हयां."

"किल्लो?"

"किल्लो तर व्हयोच."

"देवमासो?"

"खेळात देवमासो खंय आसा?"

"चित्रात असांदे. निळो रंग कालवलेलो आसा."

चित्र संपत आलं की त्याला काहीतरी नवं आठवायचं. खडकावर दिवा पाहिजे. दिव्यामागं भूत पाहिजे. भुताच्या हातात कंदील पाहिजे. आणि त्याला आठवलं नाही तर तिला आठवायचं. एक विजेची रेघ, एक गिधाड, माडांची रांग... चित्र जेवढं भरत जाई, तेवढी उद्याची दुपार पक्की होई. हे दोघांनाही ठाऊक होतं. 

"तुझ्या गालार रंग आसा," एकदा तो म्हणाला.

"खंय?"

"हय..." त्याचं बोट गालाजवळ आलं आणि बोटभर अंतरावर थांबलं. शेवंतीनं डोळे मिटले नाहीत. पण पापणी हलली. त्यानं बोट मागं घेतलं आणि ते बोट कुठं ठेवावं हे त्याला कळेना.

शेवटी पुठ्ठ्यावर जागाच उरली नाही. एका कोपऱ्यात, लाटेखाली, होडी तेवढी रंगायची होती. शेवंतीनं ती काळी रंगवली आणि हाताला लहानपणापासून जी सवय होती त्या सवयीनं तिच्या तोंडावर पांढरा गोल दिला, गोलात लाल शेपटी भरली. तिच्या मनात दुसरं काही आलंच नाही. दांडीवरच्या माणसाला खूण नसलेली होडी दाखवा, तो म्हणेल ही चोरीची. होडी काढली की खूण काढायचीच.

पेठेत कॉन्स्टान्सियोबाबचा छापखाना होता. लग्नपत्रिका आणि नाटकाची तिकिटं छापायचा. चित्र बघून त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"श्रीपाद बाबा, ह्या चित्र काय आंगणेवाडीची जत्रा? एवढ्याशा डबयेर मावतली कशी?"

"मावतली. बारीक करूया."

"बारीक होतली. पण दिसतली काय?"

श्रीपादनं ऐकलं नाही. त्या चित्रातल्या प्रत्येक गोष्टीमागं एक दुपार होती. कुठली काढणार?

कोल्हापूरहून चित्राचा ब्लॉक, म्हणजे छापायचा ठसा, करून आला. काळा आणि लाल, दोन रंगांत कव्हरं छापली. गणपतींची गडबड सरल्यावर एक खोका पणजीच्या दुकानदाराकडे गेला आणि अप्पांच्या दुकानातल्या काचेच्या कपाटात कॅसेटींची रांग लागली. आणि तेव्हा जे झालं होतं ते सगळ्यांना दिसलं. वादळ, किल्ला, देवमासा, भूत, माड, सगळं मिळून एक काजळीचा डाग झाला होता. खेळाचं नाव 'काळोखातून घराकडे येणारी होडी' असं लांबलचक होतं; ते त्या काजळीत मुंग्यांसारखं हरवलं होतं. दिसत होती ती एकच गोष्ट. कोपऱ्यातला पांढरा ठिपका आणि त्यातली लाल शेपटी. ती लांबूनच दिसायला जन्मली होती. ती प्रत्येक डबीवर दिसत होती. रांगेनं.

शेवंती त्या सकाळी आतेबरोबर टोपली घेऊन पेठेत आली होती. मासळीबाजाराच्या तोंडाशी बायका उभ्या होत्या आणि अप्पांच्या काचेकडे बघत होत्या.

"इली बघ," तुळसा म्हणाली. ती शेजारच्या घरची, तोंडाची तिखट. "गो शेवंत्ये, लोक जावयाक एक वल्ह्या देतत. तू काचेचा कपाट भरून दिलंस?"

"पैल्यांदा सदऱ्यार, मगे डबयेर," दुसरी म्हणाली. "आता कपाळार काढ म्हणजे झाला."

शेवंतीनं काचेकडे पाहिलं. आपलं काळीजच कुणीतरी काढून, धुऊन, ओळीनं मांडून ठेवल्यासारखं तिला वाटलं. आणि काचेमागं श्रीपाद उभा होता, हिरमुसलेला, ती कव्हरं उलटसुलट करत. त्यातलं त्याला काही ठाऊक नव्हतं. सगळ्या गावाला ठाऊक होतं, आणि ज्याचं होतं त्यालाच नाही.

ती टोपली तिथंच ठेवून घरी आली. त्यानंतर पेठेत जायचं तिनं बंद केलं. विहिरीवरही कुणी नसेल तेव्हा जाऊ लागली. आपण कुणाचं काही चोरलं नाही, कुणाला फसवलं नाही, मग तोंड का लपवतो आहोत, असं ती स्वतःला विचारी. पण लाजेला कारण लागत नाही. ती पायातल्या काट्यासारखी असते. दिसत नाही, आणि प्रत्येक पावलाला सांगते.

सगळ्यात कठीण होते बाबा. भिकाजी जेवताना कधी बोलत नसे. त्या रात्री माशाच्या कालवणाचा घास घेऊन तो म्हणाला, "तिकला बरां झाला हां." आणि पुन्हा खाली बघून जेवू लागला. शेवंतीला वाटलं, बाबांनी शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

काही दिवसांनी श्रीपाद आला. धावत आल्यासारखा.

"पणजेच्या दुकानदारान डबयो परत धाडल्यान," तो म्हणाला, आणि हे सांगताना त्याचा चेहरा उजळलेला होता. "पण निरोप काय धाडल्यान, ऐक. म्हणता, सगळां काजळ आसा, ती लाल शेपटी तेवडी दिसता. गिऱ्हाईक येता तो तिच्याकडेच बोट दाखयता. तीच मोठी करा. मी बघितलंय शेवंती. काचेत डबी ठेवलंय आणि मासळीबाजाराच्या कोपऱ्यार जावन उबो रवलंय. थयसूनय दिसता. आपण जत्रा भरवली, आणि माणसाक दिसूक व्हयी होती एकच गोष्ट. नावय एवडा लांब नको. नुसतां 'होडी'. काळो रंग, पांढरो गोल आणि तुझी शेपटी. बस."

शेवंती पाटीतले मासे साफ करत होती. ती करतच राहिली. "नाय," ती म्हणाली.

"नाय म्हणजे?"

"शेपटी नको. दुसरां कायतरी काढतंय. चांदणी काढतंय. शंख काढतंय."

तिनं काढून दिलं. श्रीपाद तसाच पेठेत गेला, काचेत लावून पाहिलं, परत आला. "चांदणी चुन्याच्या डागासारखी दिसता. शंख बटाट्यासारखो. शेवंती, शेपटीच कित्याक नाय?"

"नाय म्हणजे नाय."

"कारण सांग."

कारण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की तू समजतोस ते चित्र नाही. की ते मोठं करून मागतोस, म्हणजे माझ्या तोंडून काय मागतोस, हे तुला ठाऊक नाही. तिनं माशाचं खवलं नखानं काढलं. ते बोटाला चिकटून राहिलं.

त्यानं डबी खिशात टाकली. मग हळू म्हणाला, "कळला. तुका माझ्या खेळाची लाज वाटता. तुमची खूण तुमच्या होडयेर बरी. माझ्या प्लास्टिकच्या डबयेर ती शोभना नाय."

तिनं मान वर केली तोवर तो मांगराच्या पलीकडं गेला होता.

नवरात्र आलं. आते पेठेतून येताना बातमी घेऊन आली. मस्कतच्या मामाचा निरोप आला होता. श्रीपादनं होय म्हटलं होतं. पासपोर्ट आधीच तयार होता, दिवाळी झाली की निघायचं.

"बरां झाला," आते भाचीकडे न बघता म्हणाली. "लोक विसारतले. शेपटी काय, शिमग्यापर्यंत कोणाच्या ध्येनात पण ऱ्हवची नाय."

शेवंती उठली. तिनं तोंड धुतलं, धुवट साडी नेसली. आणि भर सकाळी, बाजार भरलेला असताना, पेठेत गेली. तुळसानं तिला बघून तोंड उघडलं. शेवंतीचा चेहरा बघून मिटलं.

अप्पा दुकानात एका उघड्या रेडिओत डोकं घालून बसले होते.

"श्रीपाद आसा?"

अप्पांनी चष्म्यावरून पाहिलं. "आत आसा. पण तो कोणाशी बोलना नाय. माझ्याशीय नाय."

"बोलूक नाय इलंय," शेवंती म्हणाली. "खेळूक इलंय."

आतल्या खोलीत तो कॅसेटी खोक्यात भरत होता. तिला बघून त्याचे हात थांबले. ती टीव्हीसमोर बसली. त्यानं तारा जोडल्या. टेप सुरू झाली आणि त्यातून असा कर्कश आवाज येऊ लागला की तिनं कान धरले.

"ह्या काय? म्हावऱ्याचो लिलाव?"

"खेळ आत येता." त्याच्या ओठाचा एक कोपरा हलला. "आवाज करीतच येता."

मग काळोख आला. साऱ्या टीव्हीभर नुसता काळोख, त्यात राखाडी खडक, आणि खाली एक इवलीशी होडी. नखाएवढी. लहान लहान चौकोनांची. तिनं टीव्हीच्या अगदी जवळ तोंड नेलं. होडीच्या तोंडावर पांढऱ्यात लाल होतं. दोन पाती.

"ही..." तिनं काचेवर बोट ठेवलं. "ही खंय गावली तुका?"

"सदऱ्यार." तो भिंतीकडे बघत म्हणाला. "पैल्याच दिवशी काढलंय. सदरो समोर टांगून. होडी बिनखुणेची बरी दिसना होती... आणि तुझ्या होडयेपेक्षा बरी होडी मी बघलेली नाय."

शेवंतीनं कळ दाबली. होडी खडकावर आपटली. पुन्हा दाबली, पुन्हा आपटली. "डाव्या हाताक," तो हळूच म्हणाला. "आता सरळ... वायच थांब... आता." होडी दोन खडकांमधून निघाली. वर एक पिवळा चौकोन उजळला. घर. होडी घराला लागली आणि टीव्हीतून बारीक शीळ वाजली.

तिचे डोळे भरून आले. नखाएवढ्या होडीसाठी. मग ती टीव्हीकडेच बघत, एका दमात बोलली.

"आमच्या वाडयेत ही खूण ज्येच्यार, तो आमच्या घरचो. वल्ह्यार काढून ती जावयाक देतत. बाजार तुका सदऱ्यार रंग लागलो म्हणान हसलो नाय. आणि मी ती तुझ्या डबयेर मोठी काढूक नाय म्हटलंय, तां लाज वाटली म्हणान. पण तुझ्या खेळाची नाय. माझी माका. कारण... ती काढताना माका ती खोटी वाटली नाय."

खोलीत शीळ थांबली होती. श्रीपादच्या कानांपर्यंत रक्त चढलं. त्यानं तोंड उघडलं. मिटलं. बाहेर अप्पा खोकले. रेडिओचा स्क्रू कुठंतरी खाली पडल्याचा आवाज आला.

त्याच्या तोंडून शब्द येईना, आणि शेवंतीला वाटलं, हेच उत्तर. ती उठली आणि निघाली. सगळा बाजार ओलांडेपर्यंत तिनं मान वर केली नाही. आजवरची लाज काहीच नव्हती, असं तिला वाटलं. ती नुसती पाण्यात पाय बुडवणं होतं. आज ती बुडाली.

दुसऱ्या सकाळी दांडीवर रापण ओढायची होती. मोठं जाळं होडीनं समुद्रात टाकायचं आणि दोन्हीकडच्या दोरांनी सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावर ओढायचं. बायका टोपल्या घेऊन बसल्या होत्या. शेवंती सगळ्यांच्या मागं, आतेच्या पाठीआड.

पेठेच्या बाजूनं, ओल्या वाळूवरून, लांबून कुणीतरी येत होतं. आतेनं सवयीनं कपाळाला हात लावला.

"कोणाचो गो तो?" ती म्हणाली, आणि मग तिचा हात तिथंच राहिला.

पांढरा सदरा होता. छातीवर लाल शेपटी होती. सदरा उलटा घातला होता. बटणं पाठीवर, खूण पुढं. असाच तो घरून निघाला होता, सगळ्या पेठेतून, मासळीबाजारातून, डोळे समोर ठेवून चालत आला होता. त्याच्या मागं लोकांची हसती रांग लागली होती. तो सरळ दोराशी आला आणि भिकाजीच्या मागं उभा राहून दोर धरला.

हात रेडिओच्या तारांचे होते, दोर काथ्याचा होता. पहिल्या हिसक्यालाच तो तोंडावर पडला. उठला. पुन्हा धरला. पुन्हा पडला. वाळूनं भरलेल्या तोंडानं पुन्हा उठला. हसणारे हसून दमले. जाळं किनाऱ्याला लागलं तेव्हा त्याच्या दोन्ही तळव्यांची साल निघाली होती.

भिकाजीनं दोर सोडला आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे वळून पाहिलं. "सदरो उलटो घातलंस रे."

"व्हय काकानू. पाठीर असली तर माका दिसना नाय."

"खंय गावलो?"

"तुमच्या होडयेन दिल्यान. तेव्हा माका अर्थ ठावक नव्हतो. आज ठावक आसा, म्हणान घातलंय."

भिकाजीनं त्याचे दोन्ही तळवे धरून पाहिले. "वल्ह्या मारूक येयत?"

"नाय."

"पडतलंस."

"व्हय. पडतलंय."

"बरां," भिकाजी म्हणाला, आणि मासे वाटायला निघून गेला.

शेवंती हलली नव्हती. श्रीपाद तिच्यापाशी आला आणि वाळूत बसला, जरा अंतर ठेवून. "काल माका बोलूक सुचला नाय," तो म्हणाला. "तू गेल्यार सुचला. माका नेहमी मागसून सुचता."

"काय सुचला?"

"तुझी लाज तू एकटीन घेवन फिरलंस. निम्मी माका दी."

तिनं त्याच्या तळव्यांकडे पाहिलं. मग पदराचं टोक समुद्राच्या पाण्यात भिजवून ते त्याच्या हातावर ठेवलं. खारं पाणी लागून तो कळवळला.

"झोंबता?"

"झोंबांदे..."

नवं कव्हर शेवंतीनं डबीएवढ्याच कागदावर काढलं. काळं, पांढरा गोल, लाल शेपटी, खाली ठळक 'होडी'. कॉन्स्टान्सियोबाब म्हणाला, "आता माका पण दिसता, चष्म्याशिवाय." पणजीच्या दुकानदारानं दिवाळीच्या आधीच आणखी कॅसेटी मागवल्या. अप्पांनी मस्कतला निरोप धाडला की पोरगा इथंच गुंतला आहे, कुठं गुंतला ते विचारू नये.

ज्या दिवशी नवी रांग काचेत लागली, त्या दिवशी शेवंती टोपली घेऊन मासळीबाजाराच्या कोपऱ्यावर आली. तिथून अप्पांचं दुकान बरंच लांब. उन्हात काच चमकत होती. तरी दिसत होतं.

सुगंधा आतेनं कपाळाला हात लावला. मुद्दाम, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "कोणाची गो ती?"

"आमची," शेवंती म्हणाली.

"आणि काचेमागे उबो आसा तो?"

तुळसाचा कोयता सुरमईवर थांबला. साऱ्या बाजारानं मान वळवली. शेवंतीच्या कानांपर्यंत तीच जुनी आग चढली, जराही कमी न होता. काचेमागून तो इकडंच बघत होता, आणि एवढ्या लांबूनही दिसत होतं की त्याचेही कान लाल झाले होते. निम्मी लाज तिकडं, निम्मी इकडं.

"तो पण," ती म्हणाली.